वाचकांचे प्रश्न : बिल्डरांच्या संघटनेकडून काय मागावं, काय मागू नये

शहरोशहरी बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना आहेत. त्या समाजासाठी नेमकं काय करतात आणि सामान्य माणसाने त्यांच्याकडून कसली अपेक्षा ठेवावी, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या शहरातली बिल्डरांची संघटना दरवर्षी रक्तदान, वृक्षारोपण, घरांचं प्रदर्शन असं काही ना काही करत असते. इकडे आमच्या बिल्डरने ताबा देऊन वर्ष झालं, दुसरी लिफ्ट अजून बंदच आहे. संघटनेकडे तक्रार केली तर उपयोग होईल का? (सदनिकाधारक, नाशिक)

उत्तर : होऊ शकतो, पण संघटनेचा हात कुठपर्यंत पोचतो ते आधी समजून घ्या. व्यावसायिकांनी आपल्या हितासाठी, आपल्याच वर्गणीतून चालवलेली ही संस्था असते. ती सदस्याला फोन करू शकते, समोर बसवू शकते, फार झालं तर सदस्यत्व काढून घेऊ शकते. ‘लिफ्ट चालू करा’ असा हुकूम ती देऊ शकत नाही. तो अधिकार महारेराला (म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाला) किंवा ग्राहक आयोगाला.

तरी आज सदस्यत्वाला वजन आहे. २०१९ मधल्या महारेराच्या आदेशानंतर, नव्या प्रकल्पाची नोंदणी करायची तर प्रवर्तकाला (कायद्याच्या भाषेत बिल्डरला) महारेराने मान्य केलेल्या एखाद्या स्वयंनियामक संस्थेचं सदस्य असावं लागतं. क्रेडाई आणि नरेडको या बांधकाम व्यावसायिकांच्या देशपातळीवरच्या संस्था; त्यांच्या राज्यातल्या संघटना अशा मान्य संस्थांमध्ये आहेत. त्यामुळे ज्याला पुढची इमारत उभी करायची आहे, त्याला संघटनेशी वाकडं घेऊन भागत नाही. उलट ज्याने धंदा गुंडाळला किंवा ज्याच्याकडे पैसाच उरलेला नाही, त्याला या फोनाची काही पर्वा नसते. तुमचा बिल्डर कुठल्या गटातला आहे, ते त्याच्या चालू कामांवरून ओळखा आणि दुसऱ्या गटातला असेल तर संघटनेच्या पायऱ्या झिजवू नका.

पत्र एक पानाचं असू द्या. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक, करारनाम्याची तारीख, करारातल्या ज्या कलमात किंवा परिशिष्टात दोन लिफ्ट लिहिल्या आहेत त्याचा क्रमांक, ताब्याची तारीख आणि तुमची मागणी, एवढं पुरे. बिल्डरच्या वागण्याचं वर्णन गाळा. प्रत बिल्डरला द्या आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत लिहा. आणखी एक : लिफ्ट बसवून नुसती पडून असेल तर बरेचदा अडलेलं असतं ते सरकारी लिफ्ट निरीक्षकाच्या परवान्यावर. अर्ज कधी केला, त्रुटी काय निघाली, याची प्रत मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

प्रश्न : ताबा घेऊन तीन वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल येते. बिल्डर म्हणतो, वरच्यांनी काहीतरी फोडाफोडी केली असेल. वरचे म्हणतात, आम्ही खिळासुद्धा मारलेला नाही. संघटनेचे लोक बसतात त्या सलोखा मंचाकडे जावं म्हणतो. तयारी काय करावी? (पिंपरी, ठाणे आणि कोल्हापूरहून आलेली पत्रं)

उत्तर : आधी कायदा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष किंवा कामाच्या दर्जातली, सेवासुविधांतली उणीव प्रवर्तकाच्या निदर्शनास आणली, तर ३० दिवसांत ती विनामूल्य दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. बाथरूमची गळती यात येते. मात्र महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात एक मेख आहे. सदनिकाधारकाने बाथरूम, संडास, स्वयंपाकघर इथल्या पाइपांत, नळजोडांत किंवा बांधकामात लेखी संमतीशिवाय बदल केला आणि त्यामुळे गळती झाली, तर ही जबाबदारी संपते. बिल्डर ‘फोडाफोडी’ हा शब्द उगाच वापरत नाही. वाद तिथेच होणार आहे, म्हणून गळती नेमकी कुठून येते ते मंचापुढे जाण्याआधी शोधून ठेवा.

तीन शक्यता असतात आणि त्या क्रमाने तपासायच्या. पहिली, पाणी आणणारा पाइप. यातून चोवीस तास दाबाखाली पाणी असतं, म्हणून वरचे लोक गावाला गेले तरी ओल वाढतच राहते. बाथरूमचा मुख्य कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवा. ओल वाळायला लागली तर दोष या पाइपात. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घेतली की पक्कं होतं. दुसरी, सांडपाण्याचा पाइप आणि नहाणी ट्रॅपचा (फरशीवरच्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड. इथे ओल अंघोळीच्या वेळेनंतर दिसते आणि दुपारी थोडी मावळते. तिसरी, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग.

तिसरीसाठी पाणी तुंबवण्याची चाचणी करतात. नहाणीचं तोंड टेस्ट प्लगने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या ओल्या फडक्याने बंद करायचं, उंबरठ्यापाशी सिमेंटची किंवा मातीची छोटी कड घालायची आणि सुमारे २५ मिलिमीटर पाणी भरायचं. भिंतीवरच्या टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण, शेजारी तारीख-वेळ, आणि फोटो. पाणी ४८ तास ठेवायचं. त्याच बाथरूममध्ये पाण्याने भरलेलं एक उघडं घमेलं ठेवा आणि त्यातही खूण करा, कारण दोन दिवसांत थोडं पाणी वाफेनेही जातं. घमेल्यातली पातळी दोन मिलिमीटर उतरली आणि फरशीवरची दहा, तर पाणी फरशीखाली गेलं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खालच्या छतावर ओलीची कड पेन्सिलीने आखून ठेवा, म्हणजे ती किती सरकली ते दिसेल. खालच्या छतात त्याच जागी दिव्याचा पॉइंट असेल तर विजेच्या बोर्डावरचा त्याचा एमसीबी स्विच आधी बंद करा.

चाचणीला बिल्डरच्या माणसाला लेखी बोलवा. आला तर सही घ्या, नाही आला तर बोलावल्याचा पुरावा ठेवा. वरच्या घरातल्या टाइल मूळच्याच आहेत का, हेही याच वेळी पाहून टाका. ताब्याच्या वेळचे फोटो असतील तर सोन्याहून पिवळं.

आता मंच. रेरा कायद्याच्या कलम ३२ मध्येच ग्राहक संघटना आणि प्रवर्तकांच्या संघटना यांनी मिळून सलोख्याने वाद मिटवावेत, याला प्राधिकरणाने चालना द्यावी अशी तरतूद आहे. तिच्या आधारे महाराष्ट्रात २०१८ पासून सलोखा मंच चालतात. खंडपीठावर एक प्रतिनिधी ग्राहक संघटनेचा आणि एक व्यावसायिकांच्या संघटनेचा असतो. अर्ज महारेराच्या संकेतस्थळावरून करायचा. समोरच्याने संमती दिली तरच बैठक होते आणि कुणालाही तडजोड मान्य करण्याची सक्ती नाही. वकील लागत नाही. संमती आली नाही किंवा बोलणी फिसकटली, तर महारेराकडे रीतसर तक्रारीचा रस्ता मोकळाच असतो. तिचं शुल्क ५ हजार रुपये आहे.

बिल्डर संघटनेचा माणूस तिथे बसतो म्हणून तो बिल्डरचीच तळी उचलणार, अशी शंका तिन्ही पत्रांत आहे. अनुभवी व्यावसायिकाला गळतीचं कारण फोटो पाहून कळतं आणि समोरच्या सदस्याची सबब किती पोकळ आहे हेही कळतं. त्याची हीच बाजू तुमच्या कामाची. घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी : तडजोडीच्या मसुद्यात. ‘प्रवर्तक गळतीची दुरुस्ती करून देईल’ एवढंच लिहून सह्या झाल्या तर महिनाभराने कुणीतरी येऊन टाइलच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून जातो आणि करार पाळला म्हणतो. मसुद्यात हे हवं : कोणत्या फरशा काढणार, वॉटरप्रूफिंगचा थर कोणता आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत चढवणार (फरशीपासून किमान ३० सेंटिमीटर, शॉवरच्या भिंतीवर त्याहून बरंच जास्त), टाइल बसवण्याआधी पुन्हा ४८ तासांची चाचणी, खालच्या घराचं प्लास्टर आणि रंग कोण करणार, काम सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, आणि तारीख चुकली तर काय. बाथरूम बंद असताना वरच्या कुटुंबाची सोय काय, हेही लिहा. बहुतेक दुरुस्त्या त्याच मुद्द्यावर रखडतात.

भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका ८ पर्यंत असलेल्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट असते. अशा इमारतीतल्यांनी ग्राहक आयोगाचा विचार करावा. तिथे दाव्याचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती संघटनेशी पत्रव्यवहार करताना निसटू देऊ नका.

प्रश्न : सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही. संघटना मध्यस्थी करेल का? (सोसायटी सचिव, डोंबिवली)

उत्तर : करू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. बिल्डर सही करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्या सहीशिवाय होणारं कन्व्हेयन्स, हाच मार्ग. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज, त्यावर २ हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. संघटनेकडून एक गोष्ट मात्र हमखास मिळू शकते : बंद पडलेल्या भागीदारी संस्थेच्या जुन्या भागीदारांचे आणि वास्तुविशारदाचे पत्ते. नोटिसा परत येत राहिल्या की प्रकरण लांबतं, त्यामुळे ही माहिती दिसते तेवढी क्षुल्लक नाही.

प्रश्न : आमच्या घरासमोर मोठं बांधकाम चालू आहे. कामगारांची लहान मुलं दिवसभर सळ्यांच्या आणि खडीच्या ढिगांवर खेळतात. संघटनेला सांगून काही होईल? त्यांचा ‘कामगार कल्याण’ उपक्रम असतो म्हणे. (शिक्षिका, पुणे)

उत्तर : या प्रश्नात संघटना खरोखर काही करू शकते, कारण एकट्या साइटला जे परवडत नाही ते चार-पाच साइट मिळून परवडतं.

साइटवरचं पाळणाघर म्हणजे एक पक्की खोली, सावली, कुंपण, शेजारी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि मुलं सांभाळणारी प्रशिक्षित बाई. यातलं शेवटचं सर्वांत कठीण. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकाम साइटवर हेच काम करते. बिल्डरने जागा, वीज, पाणी आणि खर्चाचा वाटा द्यायचा, संस्थेने माणसं आणि शिस्त. तुमच्या विनंतीत ‘अमुक साइटवर इतकी मुलं, त्यांतली सहा वर्षांखालची इतकी’ अशी मोजणी द्या. नुसत्या ‘मुलांचे हाल होतात’ या वाक्यावर कुणी खोली बांधत नाही. खोली कुठे असावी यावर जरा हट्ट धरा : क्रेनच्या फिरत्या हाताखाली नको, खडी-वाळूचे डंपर वळतात तिथे नको, आणि रंग किंवा रसायनं ठेवलेल्या गोदामाला लागून तर नकोच. सोयीची म्हणून बऱ्याचदा हीच जागा दिली जाते.

सहा वर्षांवरच्या मुलांसाठी जवळची शाळा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्ही मुकादमाला समजावलंत तर ते अधिक पटेल.

मुलांच्या आईवडिलांची बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी हा दुसरा भाग, आणि तिथे मोठा गैरसमज आहे. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बिल्डर भरतो, म्हणून ‘आमचे कामगार मंडळात आहेत’ असं तो मनापासून सांगतो. उपकर प्रकल्पाचा जातो, नोंदणी माणसाची व्हावी लागते. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, या अटी. नोंदणी असेल तर मुलांची शिष्यवृत्ती, प्रसूती, आजारपण, अपघात यांसाठी अर्ज करता येतो. नसेल तर मंडळात कितीही पैसा पडून असो, या घराला त्याचा उपयोग शून्य.

अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. पोटठेकेदार सही द्यायला कचरतो, कारण सही दिली की हजेरीपट मागितला जाईल अशी त्याला धास्ती. वर मजूर एका साइटवर दोन महिने, दुसऱ्या साइटवर सव्वा महिना असा फिरतो, आणि कुणा एकाकडे त्याचे ९० दिवस भरतच नाहीत. इथे संघटनेने आपल्या सर्व सदस्यांसाठी एकच हजेरी-कार्ड काढलं, त्यावर प्रत्येक साइटच्या इंजिनीअरने दिवस भरून सही केली, तर कामच सोपं होतं. नोंदणी शिबिर घ्यायचं तर पगाराच्या दिवशी, संध्याकाळी, साइटवरच घ्यावं. आधार, बँक पासबुक आणि फोटो आणायला दोन दिवस आधी सांगावं, आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा हे तीन वेळा सांगावं. ओटीपी गावाकडच्या भावाच्या फोनवर जातो आणि तो उचलत नाही, या एका कारणाने अर्धा दिवस वाया जातो. नोंदणीचं पुढे नूतनीकरणही असतं. शिबिर घेणाऱ्यांनी त्याची तारीख कार्डावर ठळक लिहून द्यावी.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला संघटना दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी रॅम्प बांधून देणार आहे. आम्ही काय बघून घ्यावं? दोन ठिकाणी असे रॅम्प नुसते पडून आहेत. (मुख्याध्यापक, सातारा जिल्हा)

उत्तर : पडून राहतात कारण उतार तीव्र असतो. जागा कमी म्हणून तीन पायऱ्यांवर फळी टाकावी तसा उतार काढला जातो. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना सुटते.

हिशेब साधा. कमाल उतार १:१२, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. तुमचं जोतं तीन पायऱ्यांचं, ४५ सेंटिमीटर धरलं, तर उतार ५.४ मीटर लांब. वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा, म्हणजे एकूण ८.४ मीटर. पटांगणात सरळ एवढी लांबी मिळत नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन काटकोनात वळवा. उतार मात्र वाढवू देऊ नका. एका सलग उताराची लांबी ९ मीटरच्या वर नको. सार्वजनिक इमारतीला रुंदी १.८ मीटर धरतात. दोन्ही बाजूंना कठडा, ८० आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर दोन पाइप, कारण लहान मुलाचा हात वरच्यापर्यंत पोचत नाही. पाइप उताराच्या दोन्ही टोकांपुढे ३० सेंटिमीटर जायला हवा, आणि भिंतीपासून ५ सेंटिमीटर सुटा, नाहीतर बोटं अडकतात. कडेला चाक घसरू नये म्हणून १० सेंटिमीटरची उभी कड ठेवा.

या मापाला १० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट, वरचा सपाटा धरून, साधारण सव्वा घनमीटर होतं. १:१.५:३ प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) सिमेंटच्या १० गोण्या, कड आणि बाजूच्या भिंती वेगळ्या. खाली दोनेक घनमीटर मुरूम, तो १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुमसायचा. एकदम ओतून वरून धुमसला तर आतून बसत नाही आणि वर्षभरात काँक्रीटला आडवी भेग जाते.

नेमकी चूक होते ती खालच्या टोकाला. तिथे उंची शून्यावर येते, म्हणून गवंडी काँक्रीटही निमुळतं करत आणतो. पापुद्र्यासारखी ती कड पहिल्या पावसाळ्यात उचकटते, तिथे खड्डा पडतो आणि खुर्ची रॅम्पवर चढायच्या आधीच अडते. टोकाला जमीन १० सेंटिमीटर खणून पूर्ण जाडी ठेवा, आणि तिथून फाटकापर्यंतची वाट पक्की करायची हे आताच कबूल करून घ्या. वाळूतून आणि चिखलातून चाक येत नाही. पृष्ठभागावर खराट्याचे आडवे ओरखडे. गुळगुळीत टाइल नको, मग ती देणगीत मिळालेली असली तरी. दहा दिवस पाणी मारायचं; ही जबाबदारी शाळेने घ्यावी, कारण ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवसापासून दिसत नाही.

वर्गाच्या दाराला दोन सेंटिमीटरचा उंबरठा असेल तर तो काढा, दार बाहेरच्या सपाट्यावर उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवा. स्वच्छतागृहापर्यंतही जाता येतं का ते पाहा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेची लेखी परवानगी काम सुरू व्हायच्या आधी हवी. उद्घाटनाची पाटी कठड्यावर लावू देऊ नका, हात तिथेच धरायचा असतो. भिंतीवर हवी तेवढी मोठी लावू दे.

प्रश्न : संघटनेच्या बैठकीत ‘आता दर वाढवावे लागतील’ असा ठराव झाल्याची बातमी वाचली. असं ठरवता येतं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. ‘सिमेंट-स्टील महागलं, खर्च वाढला’ असं निवेदन काढणं वेगळं आणि ‘सर्व सदस्यांनी चौरस फुटाला इतके वाढवा’ असं ठरवणं वेगळं. दुसरं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मधल्या मनाईत बसतं. तेच कलम संघटनांच्या ठरावांनाही लागू आहे.

गंमत अशी, की या कायद्याचा बांधकाम क्षेत्रातला सर्वांत गाजलेला वापर बिल्डरांच्या बाजूने झाला. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४१ पासूनची, प्रामुख्याने ठेकेदारांची संघटना. सिमेंट कंपन्या संगनमताने भाव चढे ठेवतात अशी तक्रार तिने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं, फेरसुनावणी झाली आणि २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंडाचाच आदेश दिला. सिमेंट उत्पादकांची संघटनाही त्यात प्रतिपक्ष होती, कारण भाव आणि उत्पादनाची माहिती संघटनेच्या व्यासपीठावर फिरत होती. घरांच्या दरांबाबत आपणही त्याच वाटेने जातो आहोत का, हे संघटनांनी आपल्या बैठकींचे इतिवृत्त लिहिताना जरूर बघावं.

प्रश्न : मी संघटनेचा सदस्य, छोटा व्यावसायिक. संघटनेमार्फत केलेला खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवता येईल का? (सांगली)

उत्तर : तुमची भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर सीएसआरचं कलम तुम्हाला लागूच नाही. ते कंपन्यांसाठी आहे, तेही नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एखादी मर्यादा गाठली तरच; मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. लागू असलेल्या सदस्यांनी पैसे देण्याआधी संघटनेच्या न्यासाची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी आहे ना, हे तपासावं.

साइटवरच्या सोयी कायद्यानेच बंधनकारक असतील, तर त्यांचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. स्वतःच्या मजुरांना हेल्मेट देऊन त्याचा फोटो सीएसआर अहवालात छापणं चुकीचं आहे. जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्वही त्यात बसत नाही.

प्रश्न : संघटना गवंड्यांना प्रशिक्षण देते. त्या प्रमाणपत्राने मजुरी वाढते का? (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नुसत्या कागदाने नाही. वाढते ती बिगाऱ्याचा मिस्त्री झाल्यावर, म्हणून प्रशिक्षण साइटवर, चालू कामावर झालेलं बरं. पुण्यात क्रेडाईचा ‘कुशल’ हा उपक्रम याच पद्धतीचा. वर्गात काय शिकवतात ते विचारा. कॉलमच्या रिंगचा हूक ९० अंशांत न ठेवता १३५ अंशांत आत वाकवायचा, सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून कॉलमला ४० आणि स्लॅबला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लावायचे, खडीच्या तुकड्यावर सळई टेकवायची नाही : हे हाताने करून घेतलं जात असेल तर पाठवा. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न आधी विचारा. ती बुडत असेल तर तिसऱ्या दिवशी वर्ग रिकामा होतो.

प्रश्न : प्रदर्शनातल्या स्टॉलवर संघटनेचा शिक्का असतो. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? (पनवेल)

उत्तर : शिक्का म्हणजे स्टॉलचं भाडं भरलेला सदस्य, एवढाच अर्थ घ्या. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोड लागतो. स्टॉलवरच तो स्कॅन करा आणि तीन गोष्टी पाहा : पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, मंजूर मजले किती आणि माहितीपत्रकात किती, जमिनीवर कर्ज किंवा दावे नोंदलेत का. विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘फक्त आजच्या दिवशी’ची सवलत असेल तर ती लेखी मागा, बहुतेकदा ती पुढच्या रविवारीही असते.

प्रश्न : बांधकाम नियम बदलताना संघटनेचं ऐकलं जातं, आमचं नाही. नागरिकांनी काय करावं? (निवृत्त अभियंता, सोलापूर)

उत्तर : संघटनेचं ऐकलं जातं कारण ती मुदतीत, कलमनिहाय आणि पर्यायी मजकुरासह लिहिते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल करताना राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना निघते, आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तीतही असे फेरबदल होत आले आहेत. सूचना निघाल्याचं लोकांना कळतं तोवर मुदत संपलेली असते. तुमच्यासारख्या दोन-तीन अभियंत्यांनी राजपत्र आणि महापालिकेच्या जाहीर सूचना दर आठवड्याला वाचायचं वाटून घ्या.

हरकत लिहिताना नियम क्रमांक, प्रस्तावित मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर आणि एका उदाहरणाचं गणित द्या. पार्किंगचं प्रमाण कमी होत असेल तर तुमच्याच गल्लीतल्या एका इमारतीच्या सदनिका, मंजूर पार्किंग आणि रस्त्यावर रात्री उभ्या असलेल्या गाड्या मोजून जोडा. पन्नास जणांच्या सह्यांच्या एका अर्जाऐवजी पन्नास वेगळे, पण नेमके अर्ज द्या, प्रत्येकाची पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहण्याची इच्छा अर्जातच नमूद करा. संघटनेने काय सुचवलं ते माहिती अधिकारात मागता येतं. काही मुद्द्यांवर, परवानगीचे टप्पे कमी करण्यासारख्या, तुमची आणि त्यांची मागणी एकच निघेल. तिथे सुनावणीला एकत्र गेलात तरी बिघडत नाही.